साथीला कोण?

माझ्या एका मित्राला खोड आहे. कुणाच्याही घरी जुन्या कॅसेटी दिसल्या की तो आधी डबीतला कागद बाहेर काढतो. पुढच्या बाजूचा गायकाचा फोटो, मागची समई, कोपऱ्यातलं मोरपीस यांच्याकडे त्याचं लक्ष नसतं. कागद उलगडायचा, आतल्या बारीक टायपावरून बोट फिरवायचं आणि पखवाज कुणी वाजवलाय ते शोधायचं. बहुतेक वेळा ते छापलेलंच नसतं. मग तो यजमानांना कॅसेट लावायला सांगतो, मान खाली घालून थोडा वेळ ऐकतो, एखादी लग्गी गेली की “हा अमक्याचा हात” म्हणतो आणि कागदाच्या मोकळ्या कडेला बॉलपेनने ते नाव लिहून टाकतो. कॅसेट ज्याची, त्याला विचारायची गरज वाटत नाही. त्याने लिहिलेली सगळी नावं बरोबर असतील असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण कोरी कड त्याला बघवत नाही, एवढं खरं.

तो स्वतः पखवाज वाजवतो. राहतो खालापूर तालुक्यात. खोपोलीच्या गाडीने डोळवलीला उतरायचं आणि पुढे चालत जायचं. मी कर्जतचा, पेटी वाजवतो. भजन, कीर्तन, कार्तिकातला काकडा, कुणाची साठीशांत, कुणाच्या दशक्रियेचं प्रवचन, जिथे बोलावतील तिथे आम्ही जोडीने जातो. गाणारे बदलतात, आम्ही दोघं तेच. गाण्याच्या आधी तो परातीत कणीक मळून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावत असतो आणि मी पेटीचा भाता उघडत असतो, त्या वेळात आमच्या आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी बोलून झालेल्या आहेत. त्याच्या बहिणीचं लग्न तिथेच ठरलं, माझी नोकरी सोडायचा विचारही तिथेच पक्का झाला.

आमच्या भागात सप्ताहाची पत्रिका हा आवडीने वाचायचा मजकूर आहे. कीर्तनकारांची नावं ठळक असतात, ते ठीकच. पण त्यांच्या खाली गायनाचार्य, मृदंगमणी, हार्मोनियमवादक, विणेकरी, चोपदार, हरिपाठाची मंडळी, सोमवारचं अन्नदान कुणाचं, मंगळवारचं कुणाचं, मंडप कुणाचा आणि स्पीकर कुणाचा इथपर्यंत सगळी नावं गावासकट दिलेली असतात. एखादं गळलं तर तो माणूस पुढच्या वर्षी मांडवात पाऊल ठेवत नाही. (राबणाऱ्या बायका मात्र ‘समस्त महिला मंडळ’ एवढ्यावर उरकलेल्या असतात. त्याबद्दल मित्राच्या आईचं मत तिखट आहे. ते इथे छापता येणार नाही.) माझ्या मित्राचं नाव लहानपणीच अशा पत्रिकेत आलं. मृदंगमणी म्हणून नव्हे, ‘टाळकरी व बालगोपाळ’ या सदरात. ती पत्रिका त्याच्या वडिलांनी भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीमागे खोचून ठेवली होती.

अशा माणसाला एकदा मुंबईच्या एका स्टुडिओत अभंगांच्या ध्वनिमुद्रणाला बोलावलं. मीही होतो. दिवसभर वाजवलं, पाकीट मिळालं, वडापाव मिळाला, शेवटची कर्जत गाडी मिळाली. पुढे ते अभंग बाहेर आले तेव्हा त्यात गायकाचं नाव होतं, संयोजकाचं होतं, निर्मात्यांच्या चिरंजीवांचं विशेष साहाय्य होतं आणि आम्ही ‘वादकवृंद’ होतो. कंपनी कुठली ते सोडून द्या, तिने जगावेगळं काही केलं नव्हतं. पैशांचीही तक्रार नव्हती. मित्राने मोबाईलच्या पडद्यावरचं ते चित्र दोन बोटांनी मोठं करकरून पाहिलं. बॉलपेन खिशात होतं, पण लिहिणार कुठे?

पुढच्याच काकड्याला कणीक मळता मळता तो म्हणाला, “आपलंच काढू या.”

“काय?”

“लेबल.”

कर्जतमध्ये वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासून दिसते, ती म्हणजे सगळं इथून जातं. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी इथे थांबते ती काही आमच्यासाठी नव्हे. पुढे बोरघाट आहे, सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, म्हणून मागे बँकर जोडायचे असतात. ती इंजिनं गाडीला मागून ढकलत वर नेतात, लोणावळ्याला सुटतात आणि खाली येऊन पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहतात. तेवढ्या थांब्यात खिडकीतून हात बाहेर येतात आणि दिवाडकरांचा वडा आत जातो. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. तेव्हापासून किती गवई, नट, तबलजी आणि सारंगिये या फलाटासमोर खिडकीत बसून पुढे गेले असतील! रेकॉर्डिंग मुंबईला, मैफल पुण्याला. कॅसेटचा काळ आला तेव्हा पुण्यात कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकरांनी अलूरकर म्युझिक हाउस उभं केलं आणि मोठमोठ्या गवयांचं गाणं, पु. लं.चं कथन लोकांच्या घरात पोचवलं. या टोकाला मुंबईच्या कंपन्या, त्या टोकाला अलूरकर, आणि मध्ये आम्ही आणि वडा. गाणं दोन्ही बाजूंनी आमच्या दारावरून गेलं, पण इथे ते कधी चढलं नाही.

चढली ती माणसं. १९१५ साली खोपोलीचं टाटांचं वीजगृह सुरू झालं, घाटमाथ्यावरचं पाणी नळांतून खाली येऊ लागलं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तिच्यामागोमाग आमच्याकडचे गडीही गेले. पाळी संपली की चाळीच्या खोलीत भजनाला बसायचे. मी पेटी ज्यांच्याकडे शिकलो ते गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले. परळच्या खोलीत बारा बिऱ्हाडांच्या गलक्यात गायल्यामुळे काळी चारच्या खाली त्यांचा आवाज लागतच नसे. त्यांच्या गाण्याचं एक सेकंदाचंही मुद्रण कुठे नाही.

“आपण बँकर,” मित्र एकदा फलाटावर म्हणाला. “घाट चढवायचा आणि लोणावळ्याला सुटायचं.”

मी म्हटलं, “बँकरला निदान नंबर असतो.”

लेबल काढायचं ठरल्यावर मी आपला वाचत सुटलो. माझी ती सवय आहे. मित्र कामाला लागतो आणि मी संदर्भाला. वाचताना कळलं की आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात नावापासूनच झाली. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तबकडी संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. पुष्कळांना तो तिचा नखरा वाटतो, पण कारण अगदी कामाचं होतं. मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तबकड्या तिथे निघायच्या. तिथल्या माणसाला ठुमरी काय कळणार आणि गौहर कोण ते तरी काय कळणार? मधल्या गोल कागदावर काय छापायचं ते गायिकेनेच सांगून टाकायचं. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि पुढे ही नाव पुकारायची चाल मागे पडली. पण जेव्हा होती तेव्हाही, तीन मिनिटांच्या त्या बाजूत सारंगीवाल्याला किंवा तबलजीला पुकारायला कुणी सांगितलं नव्हतं.

साथीदारांना नाव नव्हतं असं मात्र नाही. बालगंधर्वांच्या मागे अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसायचे, हे त्या काळच्या प्रेक्षकाला नाटकाच्या पदांइतकंच पाठ होतं. पडदा वर गेल्यावर काही जण आधी साथीच्या जागेकडे बघत, असं जुनी माणसं सांगायची. हे नाव तोंडोतोंडी चालायचं, मांडवात चालायचं. कागदावर यायची वेळ आली की मात्र जागा कमी पडायची.

मित्राला या वाचनातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे वडाळ्याची. १९३५ साली मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली, लेबलचं नाव ‘यंग इंडिया’, कारखाना वडाळ्याला. नावाजलेले गवई परदेशी कंपनीने करारात बांधून ठेवलेले. मग या लोकांनी नवखे, हौशी, गल्लीतले गाणारे धरले. वीसेक वर्षं कंपनी चालली आणि १९५५च्या सुमारास बंद पडली. पुढे १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. तिचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून या तबकड्या शोधून संगणकावर उतरवून घेतल्या. ज्यांना बड्या कंपनीने दारात उभं केलं नसतं अशा माणसांचे आवाज त्यामुळे उरले. “हौशी लोकांची कंपनी वीस वर्षं!” मित्र म्हणाला. त्याला वीस वर्षं पुष्कळ वाटली. मला बंद पडली हे आधी दिसलं. आमच्या भागीदारीचा स्वभाव यावरून वाचकांच्या लक्षात यावा.

गाणाऱ्याने स्वतःच कंपनी काढायची हा विचारही काही आमचा नव्हे. २८ नोव्हेंबर २०१२ रोजी लताबाईंनी ‘एल एम म्युझिक’ नावाचं स्वतःचं लेबल सुरू केलं. पहिला संग्रह स्वामी समर्थांच्या भजनांचा. संगीत मयूरेश पै यांचं, सोबत गायला उषाताई. तेव्हा लताबाईंचं वय त्र्याऐंशी. ज्या बाईने १९६०च्या दशकात रॉयल्टीच्या प्रश्नावर एवढा ताठरपणा दाखवला की काही वर्षं रफींबरोबर गाणं बंद झालं, तिला स्वतःच्या नावाचं लेबल काढायला त्र्याऐंशी वर्षं लागावीत, याचा मी बराच विचार केला. मित्राने केला नाही. “म्हणजे आपल्याला अजून वेळ आहे,” एवढंच तो म्हणाला.

त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी ते २००३ साली काढलं. एक गायिका आणि एक तबलजी. अनीश प्रधान निखिल घोषांचे शिष्य. वसाहतकाळातल्या मुंबईतल्या हिंदुस्थानी संगीतावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आहे, म्हणजे मैफलीत कोण कुठे बसायचं आणि कुणाच्या हातात काय पडायचं हे त्यांना कागदपत्रांतूनही ठाऊक. बड्या कंपन्यांच्या दारात न जाता कलाकारांनी आपलं संगीत इंटरनेटवरून थेट ऐकणाऱ्याला द्यावं, हा त्यांचा बेत. २००३ साली कर्जतला इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेत तासावर बसायचं आणि वीज गेली की उठून यायचं. त्या काळात हे दोघं हा विचार करत होते. लेबल काढणाऱ्या दोघांपैकी एक साथीदार आहे, हे कळल्यावर मित्राच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी फक्त एकदाच पाहिला आहे, दहावीचा निकाल लागला तेव्हा.

आता आमच्याबद्दल. शहरात लेबल म्हणजे ऑफिस, काच, भिंतीवर गिटार वगैरे असावं. आमचं लेबल म्हणजे माझ्या घराची मागची खोली. खिडकीला गादी, दाराला दोन गोधड्या, जमिनीवर सतरंजी. दोन माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि भाच्याचा लॅपटॉप. गोधड्यांचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं, पण खोलीतला घुमारा त्यांनी खाऊन टाकला. घुमारा जातो, रेल्वे जात नाही. बँकर फलाटाबाहेर उभे असले की त्यांच्या पंख्यांची घरघर थेट माइकात येते. आम्हाला आता वेळापत्रक पाठ आहे: कुठली गाडी गेल्यावर किती वेळ शांतता, त्यात कुठला अभंग बसतो. एका बुवांनी आलाप लांबवला आणि मागून भोंगा आला, तोही नेमका पंचमात. ते मुद्रण आम्ही ठेवलंय. बुवांचा हट्टच होता तसा.

पावसात काहीच होत नाही. जून ते सप्टेंबर पत्र्यावर जो मारा चालतो त्यापुढे गाणाराच काय, मनातला विचारही ऐकू येत नाही. पखवाजाचं चामडं दमट होऊन उतरतं. गठ्ठे कितीही ठोका, दोन अभंगांत परत खाली. त्याच दिवसांत आजूबाजूच्या फार्महाउसमध्ये गर्दी असते. शनिवारी रात्री उल्हास नदीच्या अंगाला उभं राहिलं की चारी दिशांनी चार वेगवेगळी गाणी येतात, एकही इथलं नाही. मला त्या गाण्यांचा राग नाही, लोक पैसे टाकून नाचायला येतात, नाचोत. फक्त कधीतरी वाटतं की त्यांच्यातल्या एखाद्याने सकाळी चहा घेताना विचारावं, इथे काय गातात हो?

इथे काय गातात, याचं उत्तर आम्हालाही नीट येत नव्हतं. आम्ही भजनातले. ठाकरवाड्यांत, कातकरीवाड्यांत, आगरी गावांत जे चालतं ते आम्ही लग्नाला गेल्यावर कानावर पडेल तेवढंच ऐकलेलं. ठाकरांचं गाणं महाराष्ट्राला ठाऊक झालं ते ‘जैत रे जैत’मुळे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा चित्रपट, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत. इथून पलीकडे कर्नाळ्याच्या बाजूची ती गोष्ट. ती गाणी मला प्रिय आहेत, पेटीवर काढून मी बोटं दुखवून घेतली आहेत. पण ती महानोरांची आणि हृदयनाथांची. ज्यांच्या नावाने ती ओळखली जातात त्या ठाकरांचा स्वतःचा गळा त्या तबकडीवरून कळायचा नाही. चित्रपटाने ते करावं अशी अपेक्षाही नाही. ते काम कुणाचं, एवढाच प्रश्न.

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आमच्याच खालापूर तालुक्यातली ठाकरांची वाडी. मदत घेऊन वर चढणाऱ्यांत मित्र होता. त्या दिवसांत गाण्याचा विषय काढणं शोभलं नसतं, तो कुणी काढलाही नाही. पण तो पावसाळा सरल्यावर त्याचं वागणं बदललं. पूर्वी तो म्हणायचा, “बघू, दिवाळीनंतर.” आता म्हणू लागला, “या आठवड्यात जायचं का?”

पहिल्यांदा गेलो ते धवलारणीकडे, पनवेलच्या हद्दीलगतच्या एका आगरी गावात. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत एकेका विधीला धवले म्हणते ती धवलारीण. तिच्यावाचून पूर्वी लग्न पुढे सरकत नसे. म्हातारी उत्साहाने बसली, सोबत ओळी झेलायला दोन बायका. दोन गाड्यांच्या वेळा सांभाळायच्या नव्हत्या, डोक्यावर कौलं होती, कोंबड्या तेवढ्या मधूनमधून. गाणं संपल्यावर मित्राने वही काढली.

“मावशी, नाव सांगा पूर्ण.”

“माजा नाव कशाला पायजे? धवला देवाचा हाय.”

“देवाचं लिहिलंय वर. खाली तुमचं.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग लग्नाआधीचं नाव सांगितलं, वडिलांचं, माहेरच्या गावाचं. झेलणाऱ्यांपैकी एक म्हणाली, “ते नाव आता कुनाला ठाव हाय?” तर म्हणाली, “धवला मी तवाच शिकलू, आयशीपाशी.” त्यामुळे माहेरचंच नाव लागलं पाहिजे, असा तिचा हिशेब. लेकाला तो पटेना. शेवटी दोन्ही लिहिली.

घाटापलीकडे मावळ-मुळशीत आणि त्याबाहेरही हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, ऐकता येतात. मला त्यात सगळ्यात काय आवडलं असेल तर ओवीसोबत दिलेलं बाईचं नाव आणि गाव. आपल्याकडे ‘लोकगीत – पारंपरिक’ असं लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. परंपरा म्हणजे कुणीतरी बाई असते, तिला गुडघेदुखी असते, तिच्या सुनेला हे गाणं येत नसतं, हे त्या एका शब्दात मावत नाही.

आमचं मुद्रण इंटरनेटवर चढवताना जो तक्ता भरावा लागतो त्यातही मावत नाही. मुख्य कलाकार, गीतकार, संगीतकार, निर्माता. भाषेच्या यादीत मराठी सापडली, आगरी सापडली नाही. गीतकाराची जागा रिकामी सोडता येत नाही. धवल्याचा गीतकार कोण? प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो, आयएसआरसी म्हणतात त्याला. मित्राला त्याचं अप्रूप वाटलं. मला बँकरची आठवण झाली, पण बोललो नाही. झेलणाऱ्या दोघींना तक्त्यात कुठे बसवायचं यावर आमचं भांडण झालं. मी म्हणत होतो, वर्णनात लिहू. तो म्हणाला, वर्णन कोण वाचतं, मुख्य कलाकारांतच घाल. तिघींची नावं घातली, त्यातल्या एकीची दोन, खाली आणखी कोंबड्यांच्या मालकाचे आभार. पडद्यावर ती ओळ अर्ध्यात तुटते आणि पुढे तीन टिंबं येतात.

मग तुकोबांचं प्रकरण झालं. आमच्या बुवांनी गायलेला एक अभंग आम्ही चढवला, नेहमीच्या भजनी चालीत. दुसऱ्या दिवशी यंत्राकडून निरोप: या ध्वनिमुद्रणावर एका कंपनीने हक्क सांगितला आहे. त्या कंपनीच्या कुठल्याशा संग्रहात हाच अभंग, हीच चाल. कायदा आम्ही तोवर थोडा वाचला होता. शब्दांवर कुणाचा हक्क नाही, शेकडो वर्षं झाली. हक्क असतो तो ज्याच्या-त्याच्या मुद्रणावर, साठ वर्षं, १९५७च्या कायद्याने. १९९४च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकारालाही हक्क मिळाले, २०१२च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के केले. आमचं मुद्रण आमचंच होतं, भोंग्यासकट. पण यंत्राला चाल ओळखता येते, कायदा वाचता येत नाही. हरकतीच्या अर्जात विचारलं होतं, या रचनेचे अधिकार तुमच्याकडे कुठून आले? मित्र म्हणाला, “लिही, देहूहून.” अभंग रचायचा अधिकार नाही म्हणून तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, तेव्हाही प्रश्न अधिकाराचाच होता आणि तेव्हाही अर्जाला उत्तर द्यायला वेळच लागला असणार. आमच्या अर्जाला महिना लागला. अभंग वर आला.

दोघांनी मिळून काही काढलं की तिसरं कुणीतरी विचारतंच, मालक कोण? आमच्या घरच्यांनी विचारलं, सीएने विचारलं. आम्ही ठरवलं ते सप्ताहाच्या हिशेबाने. खर्च आधी फेडायचा, उरेल ते गाणारे, वाजवणारे, झेलणारे आणि मुद्रण करणारा भाचा यांच्यात सारखं. सारखं म्हणजे सारखं. बुवांनाही तेवढंच, टाळकऱ्यालाही तेवढंच. एका बुवांना ते रुचलं नाही. त्यांनी चहा घेतला, आशीर्वाद दिला आणि परत आले नाहीत. मला त्यांची बाजू कळते. आयुष्यभर गळा तापवलेल्या माणसाने टाळकऱ्याइतकंच का घ्यावं? मित्राला कळत नाही. यावर आमचं अजून एकमत नाही आणि व्हायचीही घाई नाही, कारण पहिल्या वर्षी वाटायला जे आलं त्यात प्रत्येकाचा वड्याचा खर्च निघाला, चहाचा नाही.

हे सगळं कशासाठी, असं माझी बायको अधूनमधून विचारते. ती शिक्षिका आहे, तिला प्रश्न नेमके पडतात. ऐकणारे किती, याचा आकडा पडद्यावर रोज दिसतो आणि तो सांगण्यासारखा नाही. मित्र त्याकडे बघत नाही. परवा मात्र धवलारणीच्या नातीने आपल्या हळदीत आजीचंच मुद्रण मोठ्या स्पीकरवर लावलं, आणि आजी खुर्चीत बसून स्वतःच्या चुका काढत होती, असं कळलं. डीजेवाल्याने मधे लेबलचं नाव वाचून दाखवलं आणि तेही चुकीचं. नाव काय ते इथे सांगत नाही, जाहिरात होईल.

तर वाचकहो, एक विनंती. कर्जत-खालापुरात, किंवा आसपास पनवेल, सुधागडात, तुमच्या गावात धवले म्हणणारी, काकडा म्हणणारी, शेतावर लावणीची गाणी म्हणणारी कुणी असेल तर निरोप द्या. आम्ही येतो. प्रवास आमचा, पेटी आमची, जेवण असेल तर उत्तम. गाणाऱ्यांना मानधन आता देता येणार नाही, आलं तर सारखं वाटू. साथीला कोण-कोण बसणार त्यांची नावं आधीच विचारून ठेवा. बाईला कुठलं नाव लावायचं ते तिलाच ठरवू द्या, लेकाला नको. आणि बोलावणं दिवाळीनंतरचं द्या. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात रेकॉर्डिंग होत नाही.